गारंबीच्या शेंगेची जागा

"झटका. खिसं बी."

तुम्ही कधी आमच्या गावच्या देवराईत आला असाल, तर बाहेर पडताना हे ऐकलं असेलच. दगडांच्या गडग्यापाशी राईची राखण करणारे म्हातारे आबा काठी आडवी धरून उभे असत. राईतलं पान, काडी, बी बाहेर जाता कामा नये, हा गावाचा जुना दंडक. तुंगार्लीच्या बंगल्यातून आलेल्या एका बाईंनी वैतागून विचारलं, "एका पानाने काय होतंय, बाबा?"

आबा म्हणाले, "तुमच्या बंगल्यातनं म्या एकच चमचा न्हेला तर?"

बाई हसल्या. ओढणी झटकली.

राईला लागून जुन्या शाळेच्या खोलीत गावाचं छोटं संग्रहालय आहे. पानांचं इरलं, जातं, भात मापायची पायली, सगळं घरोघरच्या लोकांनी दिलेलं. इतिहासात बीए होऊन मी तिथे कामाला लागलो. आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर, म्हणून आबा मला नावाने हाक मारतच नसत. "काय बीए, जेवला का?" पण इरलं कसं विणतात, पायली कशी भरतात, हे मला त्यांनीच शिकवलं. पुस्तकात ते नव्हतं.

एकदा शाळेची सहल येणार होती. राईत गारंबीच्या वेलाची हातभर लांब शेंग वाळून पडली होती. आबा जेवायला गेलेले पाहून मी ती उचलून आणली, भिंतीवर टांगली आणि खाली सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली. शिक्षणासाठी आहे म्हटल्यावर ते समजून घेतील, असं मला वाटलं.

आबांनी शेंग पाहिली आणि पायरीवर जाऊन बसले.

"वाळलेलीच होती, आबा. पोरांना दाखवायला आणली."

"पोरांस्नीच तितं न्ह्या की. त्यास्नी काय पाय न्हाईत?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. तेच पुढे बोलले. "माजी लेक झाली तवा लय झड लागलेली. घरात कोरडी काडी न्हाई. बाळंतिणीला पाणी तापवायला म्या राईतनं मोळीभर लाकडं न्हेली. कुणी बगितलं न्हाई. दोघी वाचल्या. पर जळल्यालं लाकूड परत कसं ठिवायचं? म्हणून हितं हुबा ऱ्हातो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमची शेंग अजून हाय, बीए. ठिवता येती."

मी अनवाणी गेलो आणि शेंग होती तिथे ठेवून आलो. भिंतीवर खिळा राहिला. चिठ्ठी मात्र नवी लिहिली: 'गारंबीची शेंग. पाहायची असल्यास आबांबरोबर राईत जावे.'

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. तेरावं करून सासरी वराळ्याला गेलेली त्यांची लेक दुसऱ्याच दिवशी परत आली. तीच लेक, आता तिचेही केस पिकलेत. डोक्यावर वाळक्या लाकडांची मोळी.

"टेम्पोवाला हसत व्हता," ती म्हणाली. "म्हणला, रानात लाकडं घिऊन कोण जातंय?"

"आबांनी सांगितलं होतं?"

"न्हाई. आईनं. मला ठावं हाय हे आबांस्नी ठावं न्हवतं." मोळी खाली ठेवत तिने विचारलं, "आमच्या बांधावरची बाभळ हाय. हितली न्हवं. चालंल का?"

हे ज्यांना विचारायचं, ते माणूसच राहिलं नव्हतं. "चालेल, ताई," मी म्हणालो.

चपला बाहेर काढून ती आत गेली. मोळी सोडून एकेक लाकूड झाडांखाली ठेवत राहिली. परत येताना गडग्यापाशी थांबली, आणि मी काही म्हणायच्या आधीच तिने पदर झटकला.

एक पान पडलं. आतल्या बाजूला.