आत्याचं आजोळ

नातेवाईक हुडकण्यात माझा हात धरणारं आमच्या खानदानात कोणी नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, मी माणसं उकरते. कोण कोणाचा साडू, कोणाचा पणजोबा दत्तक, कोणती शाखा नाशिक सोडून इंदूरला गेली, सगळं जेवणाच्या टेबलाएवढ्या कागदावर काढलंय. जिवंत माणसांना फोन करायला मात्र हिला वेळ नाही, असं नवरा म्हणतो. म्हणू दे.

त्या कागदावर एकच जागा रिकामी होती, मोठ्या आत्याचं आजोळ. आत्या माझ्या आजोबांच्या पहिल्या बायकोची मुलगी. तिला जन्म देऊन आई गेली आणि माझी आजी दुसरी बायको म्हणून घरात आली. हे आत्याला कळलं ते थेट स्वतःच्या लग्नात, एका भोचक बाईच्या तोंडून. तेव्हापासून तिने आजीशी बोलणंच टाकलं. आजोबा तर त्या विषयावर तोंड उघडत नसत. आता सगळेच गेले.

"सावत्र आईनेच माझं आजोळ तोडलं," आत्या म्हणायची. ऐंशी ओलांडली तरी तो राग तिने लोणच्यासारखा मुरवून ठेवला होता. यंदा गुडघ्याच्या ऑपरेशनआधी तिने मला बोलावून घेतलं.

"एवढी शहाणी आहेस ना, मग शोधून दे माझं आजोळ. मरायच्या आधी एकदा त्या उंबऱ्यावर पाय ठेवायचाय मला."

मी कागद पुन्हा पसरला. आजीच्या भावांच्या रांगेत सटाण्याचा एक मामा होता. माझे वडील सांगायचे, तो दर भाऊबीजेला यायचा. आजी त्याला ओवाळायची, तो तिला लुगडं द्यायचा आणि सगळ्या पोरांत फक्त आत्याला परकर-पोलक्याचं कापड. आत्याच्या लग्नाआधीच तो वारला. भाऊबीजेला येतो तो भाऊ, म्हणून मी त्याला बेधडक आजीचा चुलतभाऊ करून टाकलं होतं. पण आजीचं माहेर इगतपुरीचं. तिथल्या तिच्या भाच्याला फोन केला.

"सटाण्याला?" तो म्हणाला. "आपलं तिकडे कोणीच नाही."

मी कपाळावर हात मारला. पूर्वी लेक गेली की तिचे आईवडील जावयाच्या दुसऱ्या बायकोला लेक मानत, तिची ओटी भरत, माहेरपण करत. गेलेल्या बहिणीचा भाऊ हिच्याकडून ओवाळून घेई. हे मला पाठ होतं, आणि तरी घरातलाच माणूस मी चुकीच्या रांगेत बसवला होता. तो आत्याचा सख्खा मामा होता!

सटाण्यात कांद्याच्या बाजारात ओळख काढली की कोणीही सापडतो. त्याच आठवड्यात मी आत्याला घेऊन त्या दारात उभी राहिले. मामाची म्हातारी सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"या बाई, हाई तुमनंच घर शे."

आत्याने उंबऱ्यावर पाय ठेवला आणि लहान मुलीसारखी रडली. मीही रडले, लपवू कशाला?

चहा झाल्यावर मामाच्या सुनेने सासऱ्याकडून ऐकलेलं सांगितलं. बहीण गेल्यावर मामा नाशिकला पाऊल टाकायला तयार नव्हता. आजीनेच निरोप धाडला होता, 'पोरीला मामा हवा. मला बहीण माना, पण येत जा. ती सावत्र आहे हे मात्र तिच्यापुढे बोलू नका.'

 

निघताना मामाच्या सुनेने माहेरवाशिणीची भरावी तशी तिची ओटी भरली. आत्याने नारळ, गहू, खण माझ्या पिशवीत ठेवला आणि रिकामा पदर पुन्हा पुढे केला.

"आणखी एक भर," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या आईची."