टेबलावरची पिन

ताडकळसच्या बाजारात नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, बल्बवाल्या काकूंना डावा हात नाही. दुकानात उभ्या असल्या की तो हात पदराखाली कमरेशी खोचलेला, आणि उजवा एकटाच उघड्या टीव्हीच्या पोटात फिरत असायचा. एका आजीबाईंनी हळहळून विचारलं होतं, कशानं गेला गं हात? काकूंनी पदराखालून हात काढून दाखवला आणि पुन्हा खोचला. काम चालूच.

आमच्या बचत गटानं एलईडी बल्ब दुरुस्तीचं काम घेतलं तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते आणि मिक्सरचं बटनसुद्धा लाकडी उलथण्यानं दाबायची. शिकवायला नेमक्या काकू मिळाल्या. पहिल्याच दिवशी बल्ब उघडून त्यांनी आतली बारकी पट्टी दाखवली. "ह्यात ट्रान्सफॉर्मर न्हाई. खांबावरची लाईट सीधी हितवर आलीय. दिसायला खेळणं हाय, पन ह्याला हात लावला मंजी तारंला लावला." मला घाम फुटला. तो बघून त्या खूश झाल्या. "भ्यायलीस? लय चांगलं. भ्येव सोडू नको, कामबी सोडू नको."

सगळ्यात जाचक सवय प्लगच्या पिनेची. नुसतं बटन बंद करण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आपल्याकडे वायरिंग कोण करतं? ज्याच्या हातात पक्कड असेल तो. बटन चुकीच्या तारेवर बसवलेलं असलं तर दिवा विझतो, वीज मात्र आत तशीच दबा धरून राहते. म्हणून पिन भिंतीतून उपटायची आणि टेबलावर, डोळ्यांसमोर आणून ठेवायची. मग आत वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरला जुना पिवळा बल्ब टेकवायचा. तो क्षणभर उजळून विझला की त्या म्हणायच्या, आता पोट रिकामं झालं. एकदा मी पिन काढली खरी, पण ती टेबलाखाली लोंबत राहिली. त्या दिवशी मला दुसरं काम नाही, सांडलेले स्क्रू वेचत बसले.

टेबलाखाली एक जड पेटी होती, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची. चालू टीव्हीत काही तपासायचंच झालं तर वीज तिच्यातून घ्यायची. खांबावरची वीज आणि आपण, मध्ये तिचा पडदा. मग आता तरी डावा हात मोकळा सोडा की, असं मी म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पेटी एका हाताची चूक माफ करती. दोन हात दोन जागी लावले तर ईज ह्या हातातनं शिरून काळजातनं त्या हाताला जाती, ती बिचारी काय करंल?"

त्यांचा एकुलता एक मुलगा सुनील, परभणीत त्याचं मोबाईलचं दुकान. बाजाराच्या दिवशी आईच्या मदतीला यायचा. अशाच एका दिवशी काकूंचं टेबल भरलेलं, गिऱ्हाईक घाई करतंय, म्हणून त्यानं शेजारच्या बियाण्याच्या दुकानातून लांब वायरचा बोर्ड ओढून घेतला आणि दाराशीच एक टीव्ही उघडला. चालवून पाहिला, नुसतं बटन बंद केलं, एक हात आतल्या पत्र्यावर ठेवला आणि तोल सावरायला दुसऱ्या हातानं लोखंडी मांडणी धरली. त्याच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. नुसता ताठ होऊन थरथरायला लागला.

मी त्याच्याकडे झेपावले. "हात लावू नको," काकू म्हणाल्या. आवाज चढलाही नव्हता, पण मी जागच्या जागी खिळले. आणि मग त्यांनी पोराकडे पाठ फिरवली. बाजार बघत होता. लोक ओरडत होते, अहो काकू, पोराला धरा, चालल्या कुठं? त्या पोत्यांमधून वाट काढत बियाण्याच्या दुकानात शिरल्या. डावा हात पदराखाली, तिथंच. उजव्या हातानं बोर्डाची पिन उपटली आणि ती हातात धरून परत आल्या.

सुनील कोसळला होता. श्वास चालू होता. काकूंनी पिन त्याच्याशेजारी जमिनीवर ठेवली, तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि मग दोन्ही हातांनी त्याला छातीशी ओढलं. दोन्ही हातांनी. तेव्हा मात्र त्या अशा थरथरत होत्या, की गाडीत बसवताना दोघांनाही धरावं लागलं.

तो बरा झाला. तळहातावर भाजल्याचा डाग राहिला तेवढा. गावात मात्र काही दिवस कुजबुज होती, कसल्या काळजाची आई म्हणायची ही! मी धीर करून ती त्यांच्या कानावर घातली. त्या बल्ब पुसत होत्या. "त्याला धरायला मीबी चिकटले आसते," म्हणाल्या, "तर मंग पिन कोन काढली आसती?" इतकं प्रेम असं पाठ फिरवून चालू शकतं, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढं काकूंचे गुडघे साथ देईनात, तसं सुनीलनं त्यांना परभणीला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी काकूंनी मला दुकानात बोलावलं. पेटीवरची धूळ पुसली. टेबलाची पिन काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, आता कशाला, काम तर काहीच चालू नाही. त्यांनी पदराखालून डावा हात काढला, दोन्ही तळवे माझ्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.