निळ्या झाकणातलं फिनेल

माझ्या गाडीला दोन झाकणं आहेत. काळं डिझेलचं आणि निळं युरियाचं. युरिया म्हटलं की लोकांना शेतातलं खत आठवतं, पण हल्लीच्या डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करायला एक पाण्यासारखं द्रव लागतं, त्याला सगळे ड्रायव्हर युरियाच म्हणतात. या टाकीत साधं नळाचं पाणी गेलं तरी गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं. आधी तो दिवा लावतो, मग इतकेच किलोमीटर उरले म्हणून धमकावतो आणि शेवटी गाडी सुरूच होऊ देत नाही. इतकी सोवळी टाकी मी जन्मात पाहिली नव्हती.

गाडी म्हणजे सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर. नर्सच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर मी ती घेतली आणि आंबिवलीच्या एका फॅब्रिकेटरकडून तिचं फिरतं घर करून घेतलं. एक पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि संडास. खरं तर संडासासाठीच सगळा खटाटोप. माझ्या आईला लघवीचा त्रास आहे, घडीघडीला जावं लागतं. त्यापायी तिने लग्नं सोडली, मयती सोडल्या, सख्ख्या बहिणीच्या घरी जाणं सोडलं. बाईमाणसाने रस्त्यात जायचं कुठे, हा प्रश्न या देशात अजून कोणी सोडवलेला नाही. मी माझ्यापुरता सोडवला.

तिला एकदा महाडला जायचं होतं, चवदार तळ्यावर. ज्या माणसांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलं, त्यांत माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, होते, अगदी कोवळ्या वयात. आई लग्न होऊन कल्याणला आली, मग आम्ही झालो, आमची शिक्षणं झाली आणि तिचं तळं राहूनच गेलं. आता तिने ऐंशी ओलांडली आहे. ‘पुढच्या वर्षी जाऊ’ असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही.

गाडी टिटवाळ्याच्या आमच्या सोसायटीत उभी राहिली आणि लगेच तिचं बारसं झालं, संडासाची गाडी. पोरं नाक दाबून तिच्या बाजूने पळायची. चेअरमन एकदा साखरेच्या पाकात घोळवलेल्या आवाजात म्हणाले, “ताई, बाहेर रस्त्याला लावलीत तर नाही का चालणार?”

“पार्किंग माझ्या नावावर आहे,” मी म्हटलं. “तुम्हाला बाहेर आवडत असेल तर तुमची लावा.”

वॉर्डात आयुष्य काढलंय मी. नाक दाबणाऱ्यांना मी भीक घालत नाही.

महाडला निघायच्या आदल्या दिवशी दिवा लागला. गाडी शहाडच्या मेकॅनिककडे नेली. त्याने युरियाची टाकी रिकामी केली तर खाली ताकासारखं पांढरं काहीतरी आलं. त्याने वास घेतला आणि माझ्याकडे बघत राहिला. “मॅडम, इसमें तर फिनेल आहे. कोणी टाकलं?”

फिनेलचा वास मला कोणी ओळखून द्यायला नको होता. टाकी धुतली, पंप बदलला, महाड लांबलं. भरलेली पिशवी उघडून आईने पांढरी साडी परत कपाटात ठेवली. ते मला बघवलं नाही. पुन्हा बेत ठरला, पुन्हा दिवा लागला आणि पुन्हा तोच पांढरा वास. सोसायटीचा कॅमेरा गेटकडे तोंड करून बसलेला. कोण असेल याचा विचार करत मी चेअरमनपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांकडे संशयाने बघायला लागले. शेवटी मेकॅनिकला म्हटलं, निळ्या झाकणावर लोखंडी पट्टी बसव आणि कुलूप घाल.

“तिजोरी झाली मॅडम,” तो हसला.

“तिजोरीच आहे ती,” मी म्हटलं. मी हसले नाही.

कुलूप लागलं आणि गुन्हेगार आपण होऊन माझ्या दारात आला. बेल वाजली, उघडते तर तळमजल्यावरच्या काकू. हातात फिनेलची बाटली.

“अगं, ते कुलूप काढ ना जरा,” त्या म्हणाल्या. “मला टाकायचंय.”

मला क्षणभर वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकलं.

“काय टाकायचंय काकू?”

“हेच. रोज थोडं टाकते मी, तुला सांगितलं नाही एवढंच. तुझ्या त्या संडासाच्या टाकीचा उग्र वास माझ्या देवघराच्या खिडकीत येतो गं. काळं झाकण डिझेलचं, ते कळतं मला. निळं म्हणजे संडासाचं.”

मी त्यांना समजावलं. वास युरियाचा आहे, तो असतोच तसा. संडासाची पेटी गाडीच्या आत आहे, ती मी काढून वर आणते आणि माझ्या घरातल्या संडासात ओतून धुते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि मायेने म्हणाल्या, “तुमच्यात चालत असेल गं. आम्हाला नाही सवय.”

तुमच्यात. आमच्या दारावर बुद्धाचं चित्र आहे, त्याच्याकडे बघतच त्या हे बोलल्या. तोवर मला हसू येत होतं. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

“काकू, बाटली घेऊन खाली जा,” मी म्हटलं. “परत गाडीला हात लावलात तर पोलिसांत जाईन.”

रविवारी सोसायटीची मीटिंग बोलावली गेली. विषय माझं कुलूप आणि माझी जीभ. काकूंच्या बाटलीचा विषय नव्हताच. आईला घरी एकटं ठेवत नाही म्हणून तीही येऊन प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. चेअरमन म्हणाले, “ताई, त्या वडीलधाऱ्या आहेत. तुम्ही सॉरी म्हणा, गाडी बाहेर लावा, विषय संपला. त्यांचा हेतू काही वाईट नव्हता. आपलं शुद्धीसाठीच केलं त्यांनी.”

मी उठणार इतक्यात आई बसल्या जागेवरून बोलली. चार माणसांत ती कधी बोलत नाही.

“माझ्या बापानं महाडच्या तळ्याचं पाणी प्यायलं. मागनं लोकांनी तळ्यात शेण-गोमूत्र ओतून ते शुद्ध केलं. त्यांचा पण हेतू चांगलाच आसंल.”

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. मला त्यांची दया यायला हवी होती, असं नंतर दोघा-तिघांनी सुचवलं. मला नाही आली. मी एवढंच म्हटलं, “सॉरी मी म्हणणार नाही. गाडी इथेच राहील, कुलूपही राहील. आणि पुढची मीटिंग बाटलीवर बोलवा.” ती मीटिंग अजून कोणी बोलावलेली नाही. गाडी मात्र तिथेच उभी असते.

पुढच्या आठवड्यात आम्ही निघालो. दिवा लागला नाही. वाटेत आई किती वेळा मागे गेली ते मी मोजलं नाही, आणि एकदाही ती ‘तुला त्रास गं माझा’ असं म्हणाली नाही. तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. माझा हात धरून ती एकेक पायरी उतरली. पाणी हिरवट होतं, कडेला पाला साचलेला. तिने खाली बसून पाला बाजूला सारला आणि ओंजळ भरली.

माझ्यातली नर्स जागी झाली. “आई, पिऊ नकोस. इन्फेक्शन होईल. मी उकळलेलं आणलंय.”

तिने मान वर केली. इतकं रागावलेलं मी तिला मीटिंगमध्येही पाहिलं नव्हतं.

“हितं येऊन घरचं पाणी पिऊ?”

आणि ती प्यायली, डोळे मिटून, सावकाश. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी तिने पुसलं नाही. मी उकळलेल्या पाण्याची बाटली पायरीवर ठेवली, तिच्या शेजारी वाकले आणि ओंजळ पुढे केली.