उणे सत्तेचाळीस

वजनमापं तपासायच्या कचेरीत त्याचं टेबल खिडकीपासून सगळ्यात लांब होतं, कारण वाऱ्याच्या झुळकीनेही काटा हलतो. टेबलावर मखमलीच्या पेटीत पितळी वजनं आणि ती उचलायला चिमटा. बोटांनी धरायची नाहीत. बोटाच्या घामानेसुद्धा वजन वाढतं. एकोणतीस वर्षं हा माणूस असा चिमट्याने जगला. दुकानदार ओळखीचा असो की तोंडाळ, काटा खरा तर खरा, खोटा तर खोटा. त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्याला स्वतःला तर मुळीच नव्हती. माणसाला स्वतःबद्दल इतकी खात्री असली की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

ते मुरत होतं संध्याकाळी सहानंतर. तो इंटरनेटवरच्या एका मंचाचा ॲडमिन होता. लोकांनी यावं, आपल्या बिघडलेल्या संगणकाचं, फोनचं गाऱ्हाणं घालावं आणि जाणत्यांनी उपाय सांगावा, असा तो मंच. अकरा वर्षं त्याने या लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. लग्न केलं नाही, पण भांडणं सोडवायची हौस पुरेपूर फिटली. मंचावर त्याने नाव घेतलं होतं ‘समतोल’. ताईने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हसून हसून खुर्चीत मागे कलंडली होती.

मंचावर दोन तट होते. हिरवे म्हणायचे, यंत्र उघडता आलं पाहिजे, आतला प्रोग्राम फुकट आणि सगळ्यांचा असला पाहिजे, बिघडलं तर आपण दुरुस्त करू. काळे म्हणायचे, आम्ही कंपनीला पैसे मोजतो, डबा बंद असू दे, चालतो ना, मग झालं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं आणि दोघांनाही ते पुरत नव्हतं. प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा किंवा काळा ठिपका असायचा. ही कल्पना याचीच. कुणाकडे कोणतं यंत्र आहे ते कळावं, उत्तर देणं सोपं जावं, एवढाच हेतू. सोयीसाठी लावलेल्या ठिपक्याची चार वर्षांत जात झाली. लोक आधी ठिपका बघायचे, मग अधिक किंवा उणे मत द्यायचे, वाचलं तर वाचायचे. दहा उणे मतं पडली की उत्तराची आपोआप घडी व्हायची, म्हणजे ते मिटून नुसती एक करडी रेघ उरायची. ॲडमिनला मात्र दहाची वाट बघावी लागत नसे. तो एकट्याने घडी घालू शके.

तो स्वतः हिरवा. अर्थात न्यायबुद्धीचा हिरवा, असं तो म्हणे.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, निवृत्त मुख्याध्यापिका, नवरा गेल्यापासून भावाकडेच राहणारी. आवाज असा की मैदानाच्या या टोकाला ती ओरडली की त्या टोकाचं पोर शर्ट खोचायचं. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकायचं ठरवलं. त्याआधी रुग्णालयाने तिला एक टॅब दिला. तीन आठवडे ती त्या टॅबसमोर बसून सहाशे वाक्यं वाचत होती. घशातून रक्त यायचं, पाणी प्यायची, पुन्हा वाचायची. त्या वाक्यांतून यंत्राने तिचा आवाज बांधला. शस्त्रक्रियेनंतर ती टाइप करायची आणि टॅब बोलायचा, तिच्याच आवाजात, किंचित घोगरा, पण तिचाच.

टॅब काळ्यांच्या कंपनीचा. आणि इथे या शहाण्याने एक असं काम करून ठेवलं, जे फक्त असल्या मंचावरचा माणूसच करू जाणे. त्या कंपनीकडे आवाजाची एक प्रत आपोआप साठत होती. त्याने ती बंद केली. “आपली वस्तू लुटारूंच्या तिजोरीत कशाला ठेवायची?” म्हणाला. दुसरीकडे प्रत ठेवतो म्हणाला. ती ठेवायची राहिली ती राहिलीच.

सोमवारी सकाळी टॅबने रात्रीतून स्वतःला अपडेट करून घेतलं आणि आवाज गेला. ताईने टाइप केलं, अक्षरं पडद्यावर उमटली, यंत्र गप्प. तिने स्वयंपाकघरातली पुसता येणारी पांढरी पाटी ओढली आणि लिहिलं, “हे मेलं रुसलंय. तुझ्या विद्वानांना विचार.”

एरवी पाटीवर भागलं असतं. पण दर रविवारी परदेशातून लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा आणि त्यात चार वर्षांची नात असायची. नातीला अक्षर वाचता येत नव्हतं. आजी म्हणजे तिला तो आवाज. तो नसेल तर पडद्यावर नुसती एक म्हातारी हात हलवणार.

त्याने त्याच संध्याकाळी मंचावर सगळं सविस्तर लिहिलं. बुधवारपर्यंत शंभरावर उत्तरं आली.

“समतोलच्या घरात काळं यंत्र? अरेरे, दिव्याखाली अंधार!”

“यात हसण्यासारखं काय आहे? तुमच्या हिरव्या डब्यात असलं काही चालतं तरी का?”

“चालतं. शिकायला डोकं लागतं.”

“डोकं आहे म्हणूनच तर आम्ही विकत घेतो.”

मग दहा वर्षांपूर्वी कोण काय म्हणालं होतं ते निघालं. मग कुणीतरी कुणाच्या पगारावर घसरलं. ताईचा घसा केव्हाच मागे पडला. त्यातल्या त्यात एका हिरव्याचं उत्तर वर तरंगत होतं: सगळं पुसून टाका, आपली प्रणाली घाला, त्यात तयार आवाज फुकट मिळतात. अधिक चौसष्ट मतं.

बुधवारी ‘गंजका खिळा’ नावाच्या काळ्या ठिपक्याने उत्तर लिहिलं. हा खिळा जुना, खवचट, पायात घुसणारा. पहिलंच वाक्य होतं, “तुम्हा हिरव्यांना पुसण्यापलीकडे काही येतं का?” समतोलने एवढंच वाचलं. तीन दिवसांचा शिणलेला होता, डोकं भणभणत होतं, खरं आहे. पण ठिपका हिरवा असता तर तो पुढचं वाक्यही वाचता, हेही खरं आहे. त्याने उत्तराची घडी घातली आणि खिळ्याला सात दिवस मंचाबाहेर काढलं. ॲडमिननेच घडी घातली म्हटल्यावर बाकीच्यांनी त्या करड्या रेघेवर न वाचताच उणे मतं टाकली. धुणं बडवावं तशी.

गुरुवारी संध्याकाळी तो ताईसमोर बसला.

“पुसावं लागेल, ताई.”

तिने लिहिलं, “माझा आवाज?”

“तो जाईल. दुसरा मिळेल.”

“कुणाचा?”

“असेल कुणातरी बाईचा. बरा आहे. स्पष्ट आहे.”

ती बराच वेळ खडूसारख्या पेनाचं टोपण उघडझाप करत राहिली. मग पाटी पुसली आणि लिहिलं, “रविवारी पोरीच्या कानावर काहीतरी पडायला हवं. पूस.” आणि खाली, लहान अक्षरात, “शुक्रवारी कर. आज नको.”

शुक्रवारी सकाळी त्याने ती सगळी चर्चा छापून कचेरीत नेली. कचेरीत मंच उघडत नसे, आणि पुसण्याच्या पायऱ्या जेवणाच्या सुट्टीत नीट पाठ करायच्या होत्या. एकतीस कागद झाले. छपाईत सगळं काळंपांढरं, त्यामुळे ठिपके सारखेच करडे. आणि घड्या छापल्या जात नाहीत. मिटलेलं सगळं उघडंच येतं. त्याला याचा पत्ता नव्हता. तो मधली पानं सोडून शेवटच्या पायऱ्यांवर पेन्सिलीने खुणा करत बसला. मग एका किराणावाल्याचा काटा आला आणि तो चिमटा घेऊन उठला.

शेजारच्या टेबलावर आवक-जावकीच्या नोंदी ठेवणाऱ्या बाई होत्या. त्यांचा स्वभाव असा की समोर कागद आला की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, मग तो वाण्याचा पुडा का असेना. त्यांनी डबा खाता खाता एकतीसच्या एकतीस पानं वाचली.

“अहो साहेब,” त्या म्हणाल्या, “किती भांडतात हो ही माणसं! आमच्या सोसायटीच्या मीटिंगला लाजवतील. पण तुम्ही ते पुसणार कशाला आहात?”

“दुसरा इलाज नाही, बाई.”

“इथे लिहिलाय की. एकोणिसाव्या पानावर.”

“काय लिहिलंय?”

बाईंनी चष्मा सारखा केला आणि नोंद वाचावी तसं वाचलं. “‘पुसू नका. आवाज आतच आहे, अपडेटने फक्त तो वापरायची परवानगी काढून घेतली आहे. यंत्राची भाषा बदला, बंद करून चालू करा, पुन्हा मूळ भाषा ठेवा. हा आवाज वापरू द्यायचा का, असा प्रश्न येईल. हो म्हणा. माझ्या वडिलांच्या यंत्राचं असंच झालं होतं. पुसलंत तर आवाज परत मिळणार नाही, कृपा करून पुसू नका.’ दोनदा लिहिलंय त्याने, पुसू नका म्हणून. सुरुवातीला जरा फटकळ बोललाय, पण माणूस बरा दिसतो.”

त्याच्या चिमट्यातलं वजन टेबलावर पडलं. किराणावाला दचकला.

“कुणी लिहिलंय?” त्याने विचारलं. खरं तर त्याला कळलं होतं.

“गंजका खिळा. उणे सत्तेचाळीस असं काहीतरी आहे पुढे. हे काय असतं?”

त्याने कागद गोळा केले. अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि घरी गेला.

पाच मिनिटांचं काम निघालं. भाषा बदलली, बंद-चालू केलं, प्रश्न आला, हो म्हटलं. टॅब ताईच्या मांडीवर ठेवला. तिने टाइप केलं, आणि खोलीत तिचा आवाज आला, “पाच दिवस मी गप्प काय बसले, घराचा उकिरडा केलास रे.”

तो खाली जमिनीवरच बसला. ताईने त्याला बसू दिलं. मग विचारलं, “कुणी सांगितलं?”

त्याने सगळं सांगितलं. ठिपका, पहिलं वाक्य, घडी, सात दिवस, बंद केलेली प्रत. ती ऐकत राहिली. तिच्या बोटांना घाई नव्हती.

“म्हणजे काल मी हो म्हणाले तेव्हा उत्तर तुझ्याच खिशात होतं.”

“हो.”

“आणि माझ्या आवाजापेक्षा तुला त्याच्या ठिपक्याची चीड मोठी.”

“तसं नाही, ताई.”

“तसंच आहे. ओरडत नाहीये मी, हे यंत्र ओरडू शकत नाही. जा, लिही तिथे. आणि पूर्ण लिही.”

शनिवारी सकाळी त्याने पूर्ण लिहिलं. खिळ्याचं उत्तर उघडलं, सगळ्यात वर ठेवलं, स्वतःची चूक नाव घेऊन मांडली, ठिपके काढून टाकावेत असं सुचवून त्यावर मतदान लावलं. दुपारपर्यंत दोनशे अकरा प्रतिक्रिया. हिरवे म्हणाले, फितूर. काळे म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? एकाने त्याला विचारलं की काळ्यांनी किती दिले. ताईचा आवाज आला का, हे एकानेही विचारलं नाही. मतदानात मात्र अकरा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही तटांचं एकमत झालं: ठिपके राहिलेच पाहिजेत.

खिळ्याला त्याने वेगळं पत्र लिहिलं, माफी मागितली, बंदी उठवल्याचं कळवलं. तासाभरात उत्तर आलं.

“ताईंचा आवाज आला, बरं वाटलं. माझ्या वडिलांचा गेला, कारण आम्ही पुसलं. तुमच्याच मंचावर विचारून. हा उपाय नंतर कळला. म्हणून चिडून लिहिलं, ते वाक्य नको होतं. पण ते नसतं तरी ठिपका होताच. बंदी उठवलीत तरी मी येणार नाही. तीन दिवस कुणाशी भांडलो नाही, तर बायको विचारते, बरं नाहीये का?”

रविवारी कॉल आला. नात पडद्याला नाक लावून म्हणाली, “आजी, आईने फोन केला तेव्हा तू बोललीच नाहीस. तुझा आवाज कुठे गेला होता?”

टॅब म्हणाला, “मामाआजोबांना विचार. त्यांना ठाऊक आहे.”

तो चपापला. मग पुढे सरकला. “इथेच होता ग. तो कुठे आहे ते एका काकांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

“का?”

“त्या काकांच्या नावापुढे काळा ठिपका होता.”

नात थांबली. आणखी काही सांगतील म्हणून वाट बघत राहिली. मग म्हणाली, “मग?”

“मग काही नाही,” तो म्हणाला. तिने मान डोलावली आणि आजीला आपला खरचटलेला गुडघा दाखवायला लागली.

सोमवारी सहा वाजता तो मंचावर आला. सोडून द्यायचं त्याच्या मनात होतं, पण मागे कुणी सांभाळायला तयार नव्हतं, आणि लोकांची यंत्रं काही भांडणं संपायची वाट बघून बिघडत नाहीत. एकेचाळीस उत्तरं तपासायची होती. पहिलंच काळ्या ठिपक्याचं, लांबलचक, आणि सुरुवातीलाच एक टोमणा. त्याचा हात घडीच्या बटणाकडे आपणहून गेला. त्याने तो मागे घेतला आणि शेवटपर्यंत वाचलं. उत्तर साफ चुकीचं होतं. का चुकीचं ते त्याने चार ओळींत लिहिलं, आणि पुढचं उघडलं. अजून चाळीस होती.