पाव्हण्याच्या पायातली दोरी

आमच्या उसाच्या बांधावरून उतरलं की उजनीचं पाणी. इंदापूरच्या या बाजूला धरणाचा फुगवटा असा शेताला लागूनच आहे. त्या पाण्यात मी पोहायला शिकलो, मोटार टाकली, पाइप ओढले. पण माणसं मजा म्हणून फळीवर उभी राहतील आणि वल्हं मारत हिंडतील, हे माझ्या डोक्यात जन्मात आलं नसतं. ते आलं माझ्या लेकीच्या. बारामतीला कॉलेज केलं, मग कोकणात जाऊन ही विद्या शिकली आणि हवा भरायच्या दोन फळ्या घेऊन घरी आली. थंडीत रोहित पक्षी बघायला लोक येतात, त्यातले काहीजण तिच्याकडे येऊ लागले. भावकीनं मनसोक्त टिंगल केली. मी चारचौघांत तिची बाजू घ्यायचो आणि घरात मात्र विचारायचो, हे किती दिवस चालायचं?

पाण्याच्या बाबतीत पोरगी फार कडक. जाकीट घातल्याशिवाय कुणाला पाण्यात पाय टाकू द्यायची नाही. दुपारचं वारं सुटलं की फळ्या काठावर. आणि दोरी. फळीच्या मागच्या टोकाला एक वेटोळी दोरी असते, तिचा पट्टा घोट्याला बांधायचा. माणूस पडला तरी फळी जवळच राहते, तिला धरून तरंगता येतं. दोरी नसली तर फळी वाऱ्याबरोबर निघून जाते, आणि पोहून ती गाठणं कुणाच्या बापाला जमत नाही. आलेल्या प्रत्येकाला ती हे सांगायची. बांधावर बसून ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं होतं. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

मागच्या माघात जळोचीचे पाव्हणे आले. मुलगा पुण्याला नोकरीला. त्याची आणि लेकीची पसंती आधीच झाली होती. आता त्याचे आईवडील घर बघायला आले होते. माणसं चांगली, शेती बरी, बारामती हाकेवर. मला हे स्थळ हवं होतं, आणि लेकीला तो मुलगा हवा होता. जेवणं झाली, आणि मुलाचे वडील म्हणाले, सूनबाईची ती फळी आम्हालाही बघू द्या की.

लेक म्हणाली, आता वारं सुटेल, सकाळी लवकर या, मी स्वतः शिकवते. तिचं बरोबर होतं. पण पाव्हण्याला आमच्या घरात आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, आणि मुलाच्या बापाला तर नाहीच नाही. मीच म्हणालो, कडेकडेनं एक चक्कर मारतील, त्यात काय. तिनं माझ्याकडे बघितलं आणि फळी पाण्यात ढकलली. बायका वर बाभळीच्या सावलीत सतरंजीवर बसल्या होत्या.

जाकीट त्यांनी हौसेनं घातलं, फोटो काढायला लावला. मग लेक खाली वाकून त्यांच्या घोट्याला पट्टा बांधू लागली, तसे ते हसत मला म्हणाले, "पाव्हणं, पायात दावं बांधून घ्यायला आमी काय जनावर हाय का?"

हसत म्हणाले खरं, पण मला ते बोलणं लागलं. होणाऱ्या व्याह्याच्या पायात दोरी, तीही माझ्या दारात, आणि बांधणारी माझी पोरगी. मी वल्हं आणायला तिला मागं पाठवलं आणि स्वतः वाकून पट्टा सोडला. ती वल्हं घेऊन आली तेव्हा दोरी फळीवर गुंडाळलेली होती. तिनं हळू आवाजात मला सांगितलं की दोरीशिवाय मी त्यांना सोडणार नाही. मी त्याहून हळू आवाजात तिला गप बस म्हणालो. थोरामोठ्यांना शिकवायचं नसतं, असंही काहीतरी बोललो. आणि माझ्याच हातानं फळीला रेटा दिला.

गुडघ्यावर बसून ते बरे चालले होते. मग आमच्याकडे बघून हात करायचा म्हणून उभे राहिले, आणि वारं आलं. पडले ते फळीच्या एका बाजूला. डोकं वर काढेपर्यंत फळी धरणाच्या दिशेनं निघाली होती, एखादं रिकामं खोकं वाऱ्यावर जावं तशी. ते तिच्या मागं हात मारू लागले, दमले, पाणी प्यायले. जाकीट होतं म्हणून वर राहिले, पण वारं त्यांनाही आत ओढत होतं. सावलीतून त्यांच्या बायकोची किंकाळी ऐकू आली. मी चपला काढून नुसताच उभा होतो.

लेकीनं दुसरी फळी टाकली, स्वतःच्या घोट्याला पट्टा आवळला आणि गुडघ्यावर बसून वल्हं मारत गेली. तिनं त्यांना वर ओढलं नाही. फळीचं टोक त्यांच्या हातात दिलं, श्वास घेऊ दिला आणि वाऱ्याला तिरकं धरत हळूहळू काठाला आणलं. ते गुडघ्यावर चिखलात बसले आणि ओकले.

त्यांची बायको धावत आली. नवरा धड आहे असं दिसल्यावर तिचा राग वर आला. दोरी असते म्हणत होतात, ती तुटली का काय, असं तिनं विचारलं. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी लेक म्हणाली, "माझ्याकडनं बांधायची राह्यली."

व्याह्यांनी वर बघितलं. आमची नजरानजर झाली. दोरी कुणी सोडली हे तिघांना ठाऊक होतं, आणि त्यातले दोघं बाप्ये मूग गिळून गप्प बसले. नंतर घरी चहा झाला. त्या माऊलीनं लेकीला चांगलं सुनावलं. जिवाशी खेळ आहे हा, इतकी हलगर्जी पोर घरातली लेकरं काय सांभाळणार, असं म्हणाली. लेक ट्रे घेऊन उभी होती. ती चुकलं म्हणाली. व्याह्यांनी बशीत फुंकर घातली, मीही माझ्या बशीत. संध्याकाळी तिला विचारलं, तू अंगावर का घेतलंस? ती फळीतली हवा काढत होती. पाव्हण्यांपुढं तुमची मान खाली गेली असती, म्हणाली. मला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांचा फोन आला. पोरगी पसंत आहे म्हणाले. त्यांच्या घरात रात्री बोलणं झालं होतं. चूक झाली तर मान खाली घालून कबूल करते, उलट बोलत नाही, हे त्यांनी बायकोला पटवून दिलं होतं. स्वतः सगळं जाणून. आणि मी, सांगायलाही लाज वाटते, मी खूश झालो. घरात ओरडून सांगितलं. बायकोनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. लेकीनं साखर तशीच हातात धरली.

"माझी कुठली चूक आवडली त्यास्नी, आबा?"

मी परत फोन लावला. या खेपेला त्यांच्या बायकोनं उचलला. मी सगळं सांगून टाकलं. दोरी पोरीनं बांधली होती, मी सोडली, ती नको म्हणत असताना सोडली.

"मग ह्यास्नी ठावं न्हवतं व्हय?"

"ठावं व्हतं," मी म्हणालो.

"आन तुमी दोघं च्या पीत बसला व्हता."

मग त्या म्हणाल्या, पोरीकडं द्या फोन. लेक फोन घेऊन अंगणात गेली. दोघी खूप वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि विचारायला मला तोंड नाही. लग्न त्या दोघींनीच ठरवलं. आम्हा दोघा बापांना तारीख तेवढी कळवली.