लाल डबी, निळी डबी

माझं चष्म्यांचं दुकान आहे. शेजारच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात, पण आधी तिथे सिनेमे भाड्याने मिळायचे. मधली भिंत इतकी पातळ की पलीकडे बंदूक झाडली गेली की माझ्याकडे नंबर तपासायला बसलेलं गिऱ्हाईक खुर्चीत दचकायचं आणि मला अक्षरांचा तक्ता पहिल्यापासून वाचून घ्यावा लागायचा. त्या दुकानाच्या मालकाला सगळी गल्ली पारखी म्हणायची. ते त्यांचं आडनाव नव्हतं, थट्टा होती. त्यांनाही ते माहीत होतं, तरी नाव त्यांनी खुशाल मिरवलं.

थट्टेचं मूळ त्यांच्या तरुणपणात होतं. सिनेमाच्या टेपा नवीन निघाल्या तेव्हा दोन जाती होत्या, एक मोठी आणि एक छोटी. छोटीचं चित्र उजवं होतं. पारखींनी दोन्ही शेजारी लावून आठवडाभर बघितल्या आणि अख्खं दुकान छोट्या टेपांनी भरलं. लोकांनी मोठी उचलली. कारण एवढंच की सुरुवातीला मोठीत अख्खा सिनेमा मावायचा आणि छोटीत मधेच उठून टेप बदलावी लागायची. लोकांना उजवं चित्र नकोच होतं, त्यांना न उठता बसायचं होतं. काही वर्षांतच छोटी टेप बाजारातून उठली. पारखींनी निमूटपणे मोठ्या टेपा आणल्या, पुढे डिस्क आल्या तेव्हा डिस्क आणल्या. छोट्या टेपेचं एक मशीन मात्र त्यांनी मागच्या खोलीत जपून ठेवलं, कारण घरातलं सगळं चित्रण त्याच जातीच्या टेपेवर होतं. त्यातल्याही बाकीच्या टेपांना बुरशी लागली आणि शेवटी एकच उरली.

मी दुकान थाटलं तोवर वहिनींचं, म्हणजे पारखींच्या बायकोचं, घशाचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. त्या कुजबुजल्यासारखं बोलायच्या. बोलायच्या आधी समोरच्याच्या बाहीला हात लावायच्या, म्हणजे तो खाली वाकायचा आणि कान जवळ आणायचा. गल्लीतले जुने लोक सांगायचे की पूर्वी एखादा माणूस सिनेमा परत न करताच दुकानासमोरून सटकायला लागला की वहिनी काउंटरवरून हाक मारायच्या आणि तो न्हाव्याच्या दुकानापाशी, म्हणजे पार कोपऱ्यावर, जागच्या जागी थबकायचा. मी तो आवाज कधी ऐकला नाही. तो आता फक्त त्या एका टेपेवर होता. घरामागच्या अंगणात वहिनी चार वर्षांच्या मुलीची वेणी घालताहेत आणि पारखी चित्रण करताहेत, अशी अकरा मिनिटं.

एके दिवशी वहिनी चष्म्याचा स्क्रू घट्ट करून घ्यायला आल्या. मुलगी लांबच्या शहरात नोकरीला होती. वहिनींनी माझ्या बाहीला हात लावला.

"काल फोनवर म्हणाली, आई, तुझा आवाज कसा होता ते मला आठवेनासं झालंय. रडत होती."

मी घट्ट झालेला स्क्रू आणखी घट्ट करत बसले.

"यांना म्हटलंय, ती टेप डिस्कवर उतरवा. एक तिला पाठवू, एक आपल्याला ठेवू."

हे पारखींच्या डाव्या हातचं काम होतं. गावातल्या निम्म्या लग्नांच्या टेपा त्यांनीच साध्या डिस्कवर उतरवून दिल्या होत्या. पण नेमक्या त्याच महिन्यात दोन नव्या जातींच्या डिस्क बाजारात येणार अशी बातमी आली. एक लाल डबीत यायची, दुसरी निळ्या. दोन्हींचं चित्र म्हणे काचेसारखं लख्ख, आणि एकीची डिस्क दुसरीच्या मशीनमध्ये चालणार नाही. पारखींच्या डोळ्यांसमोर जुनं सगळं पुन्हा उभं राहिलं.

"साध्या डिस्कचे दिवस भरले, डॉक्टरीणबाई," ते मला म्हणाले. मी डॉक्टर नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "या दोघींतली एक राहणार आणि एक मरणार. आणि ती टेप आता नीट वाजलीच तर एकदाच वाजेल. त्या एका वेळेला मी हिला पुन्हा मरणाऱ्या डबीत घालू का?"

"आज साध्या डिस्कवर घ्या, भाऊ. उद्या त्यावरून नव्या डिस्कवर घ्या."

"उतरवलेल्यावरून उतरवायचं? ओरखडा आलेल्या काचेवरून तुम्ही दुसरी काच घासाल का?"

काचेचं नाव काढलं की मी गप्प बसते, हे त्यांनी ओळखलं होतं. जुन्या टेपेचं चित्र नव्या डिस्कवर घालून काही उजळणार नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. त्यांना धास्ती होती ती पुन्हा एकदा चुकण्याची. आणि मुलीला हवा होता तो आवाज, त्याला कसली आलीय काच! हे उत्तर मला फार उशिरा सुचलं. त्याचा राग मला अजूनही येतो, आणि तो निम्मा माझ्यावरचा आहे.

मग दोन्ही डिस्क बाजारात आल्या आणि त्यांनी लोकांचा कल घ्यायचं मनावर घेतलं. दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी मांडले, एकावर लाल डबीची डिस्क, दुसऱ्यावर निळ्या डबीची. भिंतीवर पाटी टांगली, पाटीवर दोन रकाने आखले. सिनेमा परत करायला येईल त्याला पाच मिनिटं उभं करायचं आणि विचारायचं, घरी घ्यायची झाली तर यातली कुठली घ्याल?

शाळेतले मास्तर म्हणाले, "दोन्हींत तोच माणूस मरतोय आणि त्याच जिन्यावरून पडतोय. मग फरक काय?"

दवाखान्यातली नर्स म्हणाली, "निळी. मला निळा रंग आवडतो." हे मत पारखींनी मोजलं.

नळदुरुस्तीवाला म्हणाला, "माझ्याकडे आहे ते झकास चालतंय की! बिघडलं की बघू."

"हे मत बाद," पारखी म्हणाले.

"बाद कसं? मी खरं तेच सांगितलं."

"प्रश्न लाल की निळी असा आहे. तुमचं उत्तर या प्रश्नाचं नाहीच."

बाद झालेली मंडळी हसत हसत माझ्याकडे यायची. मी गंमत म्हणून कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने रेघा ओढायला लागले. वर्ष संपलं तेव्हा पाटीवर लाल एकेचाळीस होत्या आणि निळ्या चव्वेचाळीस. माझ्या कॅलेंडरमागे तीनशेच्या वर रेघा झाल्या होत्या. ते मी पारखींना दाखवलं. त्यांनी रेघांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "या माणसांचं अजून ठरायचं आहे." मला वाटलं, ही माणसं कधीच ठरवून मोकळी झालीत. पण ज्याने एकदा हात पोळून घेतलाय त्याला हे कोण सांगणार?

ज्यांना फरक दिसत नव्हता त्यांना ते माझ्याकडे धाडायचे. "यांचा नंबर तपासा." मी इमाने इतबारे अकरा जणांचे डोळे तपासले. दोघांना खरंच चष्मा लागला. नवा चष्मा लावून ते पुन्हा पलीकडे गेले, दोन्ही टीव्ही निरखून पाहिले आणि म्हणाले, "आता तर घरचं जुनंसुद्धा छान दिसतंय." ती दोन्ही मतं बाद झाली.

या सगळ्यात टेपेची हयगय झाली असं कोणी म्हणू नये. पारखींनी ती तळहाताच्या फोडासारखी जपली. टेप एका जागी पडून राहिली की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, म्हणून ती अधूनमधून फिरवावी लागते, असा त्यांच्या धंद्यातला नियम. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी ते दुकानाचं शटर अर्धं ओढायचे, मशीन पुसायचे, टेप घालून शेवटपर्यंत पुढे न्यायचे आणि परत मागे आणायचे. मला भिंतीतून ती घरघर ऐकू यायची. फिरवायची, पण वाजवायची नाही. वाजवली की झिजते, असं त्यांचं म्हणणं.

एका रविवारी मी काही कामाने तिथे होते. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पारखींच्या बाहीला हात लावला.

"एकदा वाजवा की हो. दोन मिनिटं."

"थांब गं जरा. आता थोडक्यासाठी घाई नको."

वहिनी मागे घरात जाऊन भांडी लावायला लागल्या, आणि भांडी जरा जोरातच लागत होती. असे सव्वीस महिने गेले.

मग एका सकाळी पारखी पेपर नाचवत माझ्या दुकानात शिरले. लाल डबीवाल्यांनी हात टेकले होते. निळी जिंकली होती.

"बघा! निळी म्हटलं होतं की नाही?"

ते त्यांनी कधी म्हटल्याचं मला आठवत नव्हतं, पण त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून मी हो म्हटलं. त्याच दिवशी त्यांनी निळ्या डिस्कवर उतरवायचं मशीन मागवलं. ते यायला सहा आठवडे लागले. तेवढ्या काळात त्यांनी पाटी पुसली आणि लाल डब्या खोक्यात भरल्या. निळ्या डब्या सगळ्यांत वरच्या फळीवर मांडल्या. त्या भाड्याने न्यायला कोणी येईना, पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. आयुष्यात एकदा तरी त्यांची निवड बरोबर आली होती. मला त्यांच्यासाठी खरंच आनंद झाला होता, हेही सांगायला हवं.

मशीन आलं आणि रविवार ठरला. भिंतीपलीकडून इतकी वर्षं घरघर सोसली म्हणून मलाही बोलावणं होतं. मागच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या होत्या. वहिनी ठेवणीतले कपडे घालून बसल्या होत्या. टेबलावर मोबाईल होता, स्पीकर चालू, आणि त्यावर मुलगी होती. पारखींनी हात धुऊन पुसले. एका मशीनमध्ये टेप घातली, दुसऱ्यात कोरी निळी डिस्क, आणि बटण दाबलं.

चित्र आलं, आणि काय सुरेख आलं! अंगण, वाळत घातलेल्या चादरी, लाकडी स्टुलावर पाय हलवत बसलेली छोकरी आणि तिच्या मागे फणी घेतलेल्या तरुण वहिनी. त्यांचे ओठ भराभर हलत होते. पारखींचा जीव भांड्यात पडला.

फक्त आवाज येत नव्हता. खरखर येत होती.

त्यांनी आवाज वाढवला, खरखर वाढली. त्यांनी मागच्या वायरी काढून पुन्हा खोचल्या, मग आवाज इतका वाढवला की फळीवरच्या डब्या थरथरायला लागल्या.

"सुरू झालं का?" मोबाईलवरून मुलीने विचारलं. "आई? मला ऐकू येत नाहीये. बाबा, जरा मोठं करा ना."

काय झालं ते पारखींनी मला पुढे कधीतरी एका वाक्यात सांगितलं आणि विषय संपवला. त्या टेपेत चित्र मधल्या भागात असतं आणि आवाज वरच्या कडेला, दोऱ्याएवढ्या पट्टीत. आणि त्या जातीच्या मशीनमध्ये टेप नुसती पुढेमागे केली तरी आतल्या खुंट्यांना घासत जाते. एक खुंटी झिजून तिला धार आली होती. दर महिन्याला ते टेप फिरवत होते आणि दर महिन्याला खुंटी कडेचा थोडा थोडा आवाज खात होती.

त्या दिवशी मात्र ते नुसते उभे होते, रिमोट हातात धरून. मुलगी फोनवर "हॅलो, हॅलो" करत होती.

वहिनींनी मोबाईल उचलला आणि ओठांशी धरला. पडद्यावरच्या आपल्याच ओठांकडे बघत त्या कुजबुजायला लागल्या.

"हलू नकोस गं. भांग वाकडा पडेल... कोण चावलं? मुंगी? दाखव बघू... फुंकर घालते. गेली मुंगी. आता पाय हलवायचे नाहीत, स्टूल पडेल..."

काही शब्द त्यांना आठवत होते, काही त्या ओठांवरून वाचत होत्या. पारखींनी खरखर बंद केली होती. मुलीचं "हॅलो" थांबलं होतं, पण फोन चालू होता, तिचा श्वास ऐकू येत होता.

पडद्यावरच्या वहिनींनी वेणीला गाठ मारली आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. त्या हसत होत्या. खोलीतल्या वहिनी गप्प झाल्या.

"हे काय म्हणालीस?" पारखींनी विचारलं. "हे मला नाही आठवत."

वहिनींनी फोन मांडीवर ठेवला आणि त्यांच्या बाहीला हात लावला. ते वाकले.

"म्हटलं होतं, ठेवा ते खाली. इकडे येऊन बसा आमच्यात."

पडद्यावर चित्रण त्यानंतरही चार मिनिटं चालू होतं, म्हणजे तेव्हा ते आले नव्हते. पारखी तिथेच वाकलेले राहिले. मग त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि वहिनींच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.