बोनेटवरचा टवका

माझ्या वडिलांशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. भिंत निदान उलट उत्तर तरी देत नाही. काचबिंदू वाढलाय, आता गाडी चालवणं बंद, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत सांगितलं होतं. बाबांनी शहाण्यासारखी मान डोलावली. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी अकोल्याहून एकटेच गाडी हाकत अमरावतीला माझ्या दारात हजर! हायवेनं. वरून हॉर्नही दिला.

"ट्रेननं या म्हटलं होतं ना बाबा? मी बडनेऱ्याले घ्यायले आली असती."

"काहून? घरी गाडी असून रेल्वेत धक्के खाऊ का मी?"

दसरा झाला की परवा एकटेच परत जाणार, हेही त्यांनी चपला काढता काढता जाहीर केलं. ते मी होऊ देणार नव्हते. किल्ली मागितली, तर त्यांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि वर हात ठेवला. उभा जन्म शाळेत गणित शिकवलेला माणूस, पण स्वतःच्या बाबतीत दोन अधिक दोन करायला तयार नाही.

चहा घशाखाली उतरतो न उतरतो तोच डिकीतून एक पिशवी निघाली. पॉलिश पेपर, चिकटपट्टी, प्रायमर, पांढऱ्या रंगाची टचअपची बाटली. मागच्या महिन्यात मूर्तिजापूरजवळ ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि बोनेटवरचा टवका उडाला म्हणे. म्हणजे मागच्या महिन्यातही हे मूर्तिजापूरपर्यंत जाऊन आले होते, आणि ते मला आज कळत होतं.

"गॅरेजमध्ये द्या ना," मी म्हटलं.

"गॅरेजवाला नखाएवढ्या टवक्यासाठी आख्खं बोनेट रंगवते. तुमी लोकं हातानं काई करत नाई, म्हणून त्याइचं फावते. उद्या पूजा आहे. अशा गाडीले हार घालू का मी?"

मग सुरू झाली फर्मानं. बादली आण. जुना बनियन आण. हा नको, मऊ आण. पेपर पाण्यात भिजव. गॅसवर भाजी करपायला लागली होती आणि मी पोर्चमध्ये बनियन निवडत होते! टवका कुठे आहे ते दाखवते म्हटलं, तर अंगावर आले.

"मायी गाडी आहे, मले माईत नाई का? बाजूले हो, उजेड अडते."

झालं. मी आत गेले आणि मुद्दाम भांडी आपटली. खिडकीतून पेपर घासल्याचा आवाज येत होता. मधूनच बातमीही यायची, "जंग धरला होता, पाह्य इथं! बरं झालं, लवकर सापडला." प्रायमर वाळेपर्यंत ते जेवले. वरणात मीठ कमी आहे हेही सांगून झालं. मग रंगाचा एक हात, वाळल्यावर दुसरा. ऊन उतरलं तेव्हा हाक आली.

"पाह्य बरं आता. सांग, कुठं होता टवका?"

मी वाकून पाहिलं. काम सुबक होतं. चिकटपट्टीच्या आत रंग सारखा बसला होता, कुठे ओघळ नाही. हात अजून स्थिर होता त्यांचा. फक्त टवका तिथे नव्हताच. तो वीतभर खाली, हेडलाइटच्या जरा वर, जसाच्या तसा होता.

बाबा दर दसऱ्याला बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात आणि पुढे कितीही दिवस कुणाला ते पुसू देत नाहीत. मागच्या वर्षीच्या स्वस्तिकाचा एक विटकरी डाग पांढऱ्या रंगात मुरून राहिला होता. त्याला गंज समजून त्यांनी चांगला रंग पत्र्यापर्यंत खरवडला होता.

दिवसभर मी हेच ओरडून सांगत होते की तुम्हाला दिसत नाही. आता पुरावा समोर होता आणि मला तो नको होता. छान झालंय म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं. पण तसं म्हटलं असतं, तर परवा सकाळी हा माणूस हायवेवर ट्रकांच्या मधोमध असता. हे सांगायची पाळी माझ्यावर आणली, म्हणून मला त्यांचा भयंकर राग आला.

मी त्यांचं बोट धरून खालच्या टवक्यावर टेकवलं. बोटाला कड लागली. ते पुन्हा एकदा तिथून फिरलं.

"मग मी घासलं ते काय होतं?"

"कुंकू होतं बाबा. मागच्या दसऱ्याचं."

सकाळपासून ज्या उलट उत्तरांनी माझं डोकं उठलं होतं, त्यातलं एखादं तरी त्यांनी आता द्यावं असं मला फार वाटलं. त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, हात पुसले आणि खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली.

"परवा नेऊन देशील अकोल्याले?"

"देईन."

"सेकंड गिअर अडते थोडा. जोर नको लावू."

मग परवाची जागा आजच बघून घ्यावी तसे गाडीला वळसा घालून ते डावीकडच्या दारानं आत जाऊन बसले. आपल्या गाडीत त्या जागेवर ते कधीच बसले नव्हते. सीटबेल्टसाठी त्यांचा हात सवयीनं उजव्या खांद्यामागे गेला आणि तिथे चाचपडत राहिला.

"डावीकडं आहे, बाबा," मी म्हटलं.